आजीपासून लांब

आईला माझी मुलगी हातांनी पाठ होती. मानेखालची वळी, कानामागचा मऊ खळगा, टाळूची धडधड, करंगळीवरचं असून नसल्यासारखं नख, सगळं तिने बोटांनी वाचून ठेवलं होतं. राहिला होता तो चेहरा.

"नाक कुणाचं गं?" ती अधूनमधून विचारायची.

"तुझं."

"माझं नको गं बाई, बटाटा चिकटवल्यासारखं आहे. नीट बघ."

"नीटच बघतेय. तुझंच आहे."

"मग स्वभाव तरी बापाचा येऊ दे."

मुलीचा बाबा आतल्या खोलीतून "ऐकू येतंय मला!" म्हणायचा, आणि आई खूश व्हायची. जावयाला ऐकू जावं म्हणूनच ती बोललेली असायची.

आईचा डावा डोळा माझं लग्न झालं त्या वर्षी गेला. मोतीबिंदूचं साधं ऑपरेशन होतं आणि ते नीट झालं. पट्टी निघाली तेव्हा तिला दिसतही होतं. मग डोळा दुखायला लागला. ऑपरेशन म्हटल्यावर दुखणारच, असं म्हणून ती उशीत तोंड खुपसून पडून राहिली. मी दूर, नवीन संसारात. फोनवर "बरंय गं" इतकंच म्हणायची. शेजारणीने सुजलेला डोळा पाहून दवाखान्यात ओढत नेलं, तोवर आत पू झाला होता. डोळा चेहऱ्यावर राहिला, त्यातली नजर गेली.

आता उजव्या डोळ्यातला मोतीबिंदूही पिकला होता. माझ्या बाळंतपणासाठी ती आमच्याकडे आली ती दाराची चौकट चाचपतच. समोरचं सगळं दूध सांडलेल्या काचेतून बघितल्यासारखं दिसतं, असं म्हणायची. ऑपरेशनचा विषय काढला की हात जोडायची. "आहे तेवढं राहू दे. एक घालवून बसलेय. दुसऱ्याचाही जुगार खेळू का?"

तिचं म्हणणं मला पटायचं आणि पटायचंही नाही. तिने माझ्या मुलीला बघावं असं वाटायचंच. पण खरं सांगायचं तर तिने मलाही बघावं असं वाटत होतं. बाळ झाल्यापासून जो येतो तो बाळाकडे बघतो, आणि ते योग्यच आहे. पण आई झाले म्हणून काही मी मुलगी असायची थांबले नव्हते. लहान असताना मी कठड्यावरून उडी मारायच्या आधी "आई बघ, आई बघ" ओरडायचे. ती कामावरून दमून आलेली असायची आणि डोळे मिटूनच "बघितलं" म्हणायची. ते मिटल्या डोळ्यांचं "बघितलं"सुद्धा मला चालायचं. आता तिचा डोळा उघडा असायचा आणि त्यात मी नसायचे.

आईने उभा जन्म एका मोठ्या लाँड्रीत काढला. हॉटेलांच्या चादरी, पलंगपोस, टेबलांवरची कापडं यायची. भट्टी तिच्या ताब्यात होती, म्हणजे जिथे पांढरे कपडे उकळत्या पाण्यात घालतात ती जागा. वाफेने तिच्या हातांची कातडी कायमची सुरकुतलेली, पण इतकी स्वच्छ की तिने पोळी हातात दिली तरी ताटलीत वाढल्यासारखी वाटायची. "उकळत्या पाण्यापुढे कुणाची मिजास चालत नाही," हे तिचं आवडतं वाक्य. रक्ताचा डाग असो, तेलाचा असो की माणसाचा खोटेपणा असो, तिच्या लेखी सगळ्यांवर भट्टी हाच इलाज. दुपट्यात गुंडाळलेली माझी मुलगी पहिल्यांदा मांडीवर घेतली तेव्हा तिने गाठ चाचपून पाहिली आणि म्हणाली, "छान बांधलंय गठुडं." तेव्हापासून मुलीचं नाव गठुडी.

ऑपरेशनला ती तयार झाली ते माझ्या सांगण्याने नव्हे.

एका संध्याकाळी गठुडी तिच्या मांडीवर होती आणि मी समोर कपड्यांच्या घड्या घालत होते. अचानक गठुडी हसली. झोपेतलं हसू नव्हे, डोळ्यांत बघून, सगळा चेहरा सांडून हसली. मी ओरडले, "आई, हसली! तुझ्याकडे बघून हसली!"

"कुठे?" आईने कान खाली नेला. "ऐकू नाही आलं."

"आवाज नाही गं केला. नुसती हसली."

आई तशीच वाकून राहिली. मग तिने बोट गठुडीच्या ओठांवर नेलं, पण तोवर हसू संपलं होतं, आणि बोट लागताच गठुडी ते चोखायला लागली. आईने बोट काढून घेतलं. घड्या संपल्या तेव्हा म्हणाली, "तुमच्या त्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई रविवारी असतात का?"

डॉक्टरीणबाई रविवारी नसायच्या, पण सोमवारी होत्या. वयाने माझ्याहून थोड्याच मोठ्या असतील. डावा डोळा बघून त्यांनी उगाच हळहळ केली नाही, हे आईला आवडलं. काय झालं होतं ते ऐकलं आणि स्टूल पुढे ओढून सरळ तिच्याशी बोलायला लागल्या.

"आजी, जंतू दर वेळी बाहेरूनच येतात असं नाही. बरेचदा ते आपलेच असतात. पापण्यांच्या कडेला सुखाने नांदतात, एरवी कुणाला त्रास देत नाहीत. पण ऑपरेशनच्या वेळी आत शिरायला वाट मिळाली, की घर बळकावतात."

"म्हणजे भाऊबंदकी," आई म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या. "अगदी. म्हणून आधी तपकिरी औषधाने डोळा धुवायचा. मग मोतीबिंदू काढून भिंग बसवायचं. आणि सगळं झालं की शेवटी डोळ्याच्या आतच अँटिबायोटिक सोडायचं, थेंबापेक्षाही कमी. कुणी आत शिरलाच असेल तर तिथल्या तिथे निकाल. मुख्य राखण ती. घरी गेल्यावर थेंब घालायचे, एक बाटली अँटिबायोटिकची, एक सूज उतरायची."

"मग काही होत नाही?"

"फार फार कमी जणांना होतं. होणारच नाही असं लिहून देणारा डॉक्टर भेटला तर त्याच्या वाऱ्याला उभ्या राहू नका."

"तेव्हा माझ्या डोळ्यात असं औषध सोडलं होतं का?"

"ते मला कसं कळणार, आजी? पण एक सांगते. या वेळी दुखलं, लाल झालं, दिसणं कमी झालं, तर त्याच घटकेला यायचं. सोसायचं नाही. सोसण्याबद्दल इथे बक्षीस मिळत नाही."

मग त्यांचं लक्ष माझ्या खांद्यावरच्या गठुडीकडे गेलं. तिचे डोळे जन्मापासून चिकटायचे. पाणी वाहून नेणारी बारीक नळी अजून मोकळी झाली नव्हती, सकाळी पापण्या ओल्या कापसाने सोडवाव्या लागायच्या. डॉक्टरीणबाईंनी तिच्या मुठी पाहिल्या, त्यांवरचा पिवळा ओघळ पाहिला आणि म्हणाल्या, "या बाईसाहेब आजीपासून लांब. मी सांगेपर्यंत मांडीवर नाही, खांद्यावर नाही. ही मूठ आधी हिच्या डोळ्यात जाते आणि नंतर तुमच्या जाईल."

"अहो, मग ऑपरेशन करतेय कशाला मी?"

"बघायला. घ्यायला नाही."

ऑपरेशनच्या दिवशी गठुडीला बाबाजवळ ठेवून मी बाहेरच्या बाकावर बसले. आत आई, घरी गठुडी, आणि मधे मी. पाजायची वेळ झाली तशी छाती भरून आली, ब्लाउज ओला झाला. शेजारच्या बाईंनी न बोलता त्यांची शाल माझ्या अंगावर टाकली. आईसाठी जीव इकडे तुटत होता आणि अंग तिकडे धावत होतं. दोन्हीकडे पुरेल एवढी मी नव्हते.

दुसऱ्या दिवशी डोळ्यावरचं झाकण निघालं. आईने पापणी उघडली. तिने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाई, कॉलरवर शाईचा डाग आहे तुमच्या. लिंबू लावा, घासू नका."

मग ती माझ्याकडे वळणार, तोच परिचारिकेने काळा चष्मा चढवला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

घरी बाबा गठुडीला घेऊन दारातच उभा होता. आईला आम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीशी खुर्चीत बसवलं. बाबाने गठुडीचं तोंड तिच्याकडे केलं. आई खुर्चीच्या कडेला आली. "अगं बाई," एवढंच म्हणाली. "अगं बाई गं माझी."

गठुडीने त्या काळ्या चष्म्याकडे पाहिलं, खालचा ओठ बाहेर काढला आणि भोकाड पसरलं.

"लाजतेय," बाबा म्हणाला.

"लाजत नाही, घाबरतेय," आई म्हणाली. "ओळखलं नाही तिने."

खरंच ओळखलं नव्हतं. गठुडीची आजी म्हणजे एक मांडी, ते सुरकुतलेले हात, साबणाचा मंद वास. खोलीपलीकडची काळ्या डोळ्यांची बाई तिला परकी होती. पुढच्या दिवसांत ती पंख्याकडे बघून हसायची, दाराच्या कडीकडे बघून हसायची, बाबाच्या शिंकेला हसायची. आई तिकडून मान लांब करून बसलेली असायची. तिचे हात मांडीवर असे उताणे पडलेले असायचे, की बघवायचं नाही.

"आज विचार ना त्या बाईंना," ती रोज म्हणायची.

"काल विचारलं. थोडं थांबा म्हणाल्या."

"त्यांना काय जातंय थांबा म्हणायला."

सुरुवातीला थेंब मी घालायचे. हात धुवायचे, खालची पापणी हलकेच ओढायची, बाटलीचं तोंड कुठे टेकू द्यायचं नाही. मग आईच म्हणाली, "तू गठुडीचं बघ. मला आता दिसतंय, माझं मी घालते." बाटल्या तिने शिवलेल्या एका पांढऱ्या पिशवीत ठेवल्या. मी लांबूनच "घातलेस?" विचारायचे, आणि ती डोळा मिटून पडलेली असायची, "घातले गं, सासूबाई" म्हणायची. सकाळी गठुडीची दुधाची बाटली, वाटी-चमचा उकळायचं कामही तिने मागून घेतलं. "भट्टी माझी. त्यात तू पडू नकोस." मला बरंच वाटलं. तेवढीच मला अंघोळ मिळायची.

त्या दिवशी सकाळी मी केस पुसत बाहेर आले, तर आई भिंतीला धरून उभी होती.

"ए," ती म्हणाली. "डोळ्यात खुपतंय गं. लालही दिसतोय आरशात."

माझ्या हातातला टॉवेल गळाला. खुपतंय या शब्दाने नव्हे. तिने तो उच्चारला म्हणून. माझ्या आईने जन्मात कधी दुखतंय म्हटलेलं नव्हतं. भट्टीवर हात भाजला तरी "कढत लागलं" म्हणायची.

"थेंब घातलेस का?"

"घातले की."

मी पिशवी उघडली. आत दोन बाटल्या होत्या, पण त्या बाटल्या म्हणवत नव्हत्या. प्लास्टिक एका बाजूने बसलेलं, तोंड वाकडं, कागद गळून गेलेला. एक उजेडात धरली तर आतलं औषध गढूळ.

"आई, हे काय झालंय?"

"काय व्हायचंय? भट्टीत घातल्या होत्या."

"कशात?"

"गठुडीच्या बाटलीबरोबर. एकदा तोंड पापणीला टेकलं माझ्याकडून. त्याच बाई म्हणाल्या ना, जंतू पापणीवरच असतात? म्हटलं, चढले असतील बाटलीवर. तेव्हापासून रोज एक उकळी देते." आणि मग जरा हळू आवाजात, "म्हटलं, सगळं असं उकळून स्वच्छ ठेवलं, तर त्या बाई लवकर हो म्हणतील. गठुडीला घ्यायला."

उकळीने जंतूंची मिजास उतरली होती, पण औषधाचीही उतरली होती. कितीतरी दिवस ती डोळ्यात नुसतं मेलेलं पाणी घालत होती, आणि तो एकच डोळा होता.

"काय गं?" ती म्हणाली. "चुकलं का?"

"नाही. चल. चपला घाल."

बाबा कामावर गेलेला. झोपलेली गठुडी मी पोटाशी बांधली आणि टॅक्सी थांबवली. आईला पुढे बसवलं, मी मागे. तेवढी शिस्त त्याही घाईत पाळली. काळा चष्मा घरीच राहिला होता. आई एका हाताने डोळ्यावर सावली धरून बसली होती. दोन सिग्नल गेले. मग समोर बघतच म्हणाली, "हाही गेला का गं?"

"नाही गं. असं काय म्हणतेस!"

"तेव्हाही असंच झालं होतं. आधी खुपलं, मग लाल झाला." ती आसनावर वळली. "गठुडीला जरा उजेडाकडे धर. चेहरा मोकळा कर तिचा."

मी दुपटं बाजूला केलं. गठुडी गाढ झोपलेली.

"उठव."

"आई, आत्ताच लागलाय डोळा तिचा."

"उठव गं. मिटलेले डोळे काय बघू? राहिला तर राहिला डोळा, नाहीतर एवढं तरी बघून घेते."

झोपलेलं मूल कोणी उठवत नाही. मी तर तिच्या झोपेसाठी दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलेलं. पण मी तिच्या तळपायावर नख फिरवलं. ती आळसावली, पुन्हा निजली. मी गालावर फुंकर मारली. तेव्हा तिने डोळे उघडले, आजूबाजूला अन्याय पाहिला आणि गळा काढला.

"बाळ रडतंय हो," टॅक्सीवाला म्हणाला.

"रडू दे," आई म्हणाली. "तुम्ही रस्ता बघा, मी हिला बघते."

आणि ती बघत राहिली. लाल झालेल्या, पाणी गळणाऱ्या त्या एका डोळ्याने, पापणी न हलवता. गठुडी किंचाळत होती, लाथा झाडत होती, आणि आई अधाशासारखी तो रडका चेहरा पीत होती.

"अगं, हिची जिवणी बघ! रडताना चौकोनी होते. तुझी अश्शीच व्हायची. भट्टीवर जायला निघाले की दारात बसून चौकोनी तोंड करायचीस. मी मागे वळायचे नाही. वळले असते तर गेलेच नसते." तिने डोळ्याखालचं पाणी मनगटाने टिपलं. "आणि भुवया तर अजून आल्याच नाहीत. तू सांगितलं नाहीस मला, भुवया नाहीत म्हणून."

"तू विचारलं नाहीस."

"कानाची पाळी सुटी आहे. ते बरंय. नाक माझंच. गेलं, काही इलाज नाही."

डॉक्टरीणबाईंनी आईला इतरांच्या आधी आत घेतलं. यंत्राच्या कठड्यावर हनुवटी टेकवली, उजेडाची तिरीप डोळ्यावर सोडली. दार अर्धं उघडं होतं. मी बाहेर रडत्या गठुडीला झुलवत उभी होते, आणि मला आतून फक्त "वर बघा, खाली बघा, माझ्या कानाकडे बघा" ऐकू येत होतं. गठुडी दमून गप्प झाली तरी आतून आवाज येईना. मी मनातल्या मनात कुणाशी तरी घासाघीस करत होते. हे घे, ते घे, पण तेवढं राहू दे.

"या आत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दारातच उभ्या राहा, बाईसाहेबांना घेऊन." त्यांच्या हातात ती वाकडी बाटली होती. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. "जंतू नाहीत. आत सगळं स्वच्छ आहे. सूज आहे, कारण सुजेचं औषध तुम्ही शिजवून टाकलंत. अँटिबायोटिकचे थेंबही गेले कामातून. पण ऑपरेशनच्या शेवटी आत सोडलं होतं ना, त्याने आपलं काम तेव्हाच केलं असावं. नशीब की ते तुमच्या भट्टीपर्यंत पोचलं नाही."

आई खाली मान घालून बसली होती. शाळेत बाकावर उभ्या केलेल्या मुलीसारखी.

"पण आजी, एक काम तुम्ही पहिल्या नंबराचं केलंत. खुपलं तसं लगेच बोललात."

"बक्षीस आहे का त्याला?" आई पुटपुटली.

"नव्या बाटल्या आहेत. तोंड टेकलं तर ती बाटली टाकून द्यायची आणि दुसरी घ्यायची. उकळायची नाही, धुवायची नाही, उन्हातही ठेवायची नाही."

"आणि हिला?" आईने मान वर न करताच बोट माझ्याकडे, म्हणजे गठुडीकडे केलं.

"सूज उतरू दे. पुढच्या भेटीला बघू."

परत येताना टॅक्सीत आईला पुढे बस असं सांगावं लागलं नाही, स्वतःच जाऊन बसली.

तिसऱ्या प्रहरी मी गठुडीला आतल्या खोलीत निजवलं, हात धुतले आणि थेंब घालायला आईजवळ गेले. आता ते काम पुन्हा माझं होतं. ती उताणी पडली होती. मी तिच्यावर वाकले, खालची पापणी ओढली.

"वर बघ."

"बघतेय की."

"छताकडे, आई. माझ्याकडे नाही."

"छत काय पळून जातंय?"

तिचा डोळा माझ्यावरच होता. लालसर, ओला, पण मधे स्वच्छ काळा, आणि त्यात खिडकी दिसत होती, खिडकीसमोर माझं वाकलेलं डोकं दिसत होतं. तिने हात वर केला आणि माझ्या कपाळावरचे केस मागे सारले.

"केस किती गळलेत गं तुझे. डोळ्यांखाली काय हे. झोपतेस की नाही?"

"झोपते."

"मला दिसतंय आता. खोटं बोलायचे दिवस गेले." तिचा अंगठा माझ्या भुवईवरून फिरला. "एवढीशी झालीस. आणि मला वाटत होतं, आवाज जाड झालाय म्हणजे चांगली गुटगुटीत झाली असशील."

थेंब तिच्या गालावर पडला.

"सांडलास," ती म्हणाली. "घाल दुसरा. पण सावकाश. मला काही घाई नाही."